मेळाव्याला जाऊन छोट्या धंदेवाल्याला काय मिळतं?

‘व्यावसायिकांचा मेळावा आहे, जरूर या’ असं निमंत्रण आलं की एकट्याच्या जिवावर धंदा करणारा माणूस पहिला हिशेब करतो तो बुडणाऱ्या रोजीचा. गाडीवाला गेला तर गाडी दिवसभर उभी. चार खोल्यांचं लॉज चालवणारा गेला तर गल्ल्यावर कोण बसणार? मेकॅनिकने शटर ओढलं की गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. कंपनीतला माणूस अशा कार्यक्रमाला जातो तेव्हा त्याचा पगार चालू असतो, याचा नसतो. म्हणून मेळावा यशस्वी झाला का, हे किती पुढारी आले आणि पेपरात किती फोटो छापून आले यावर ठरवू नये. रोजी बुडवून आलेला माणूस संध्याकाळी काय घेऊन घरी गेला, यावर ठरवावं.

हे मी तोरणमाळ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, सातपायरी घाट चढून गेलं की सातपुड्यातलं हे पठार लागतं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचं मंदिर. महाशिवरात्रीच्या यात्रेला शेजारच्या मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही लोक येतात. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत पर्यटकांची वर्दळ असते. या गर्दीवर जगणारे धंदे मात्र अगदी लहान: भाड्याची जीप, चहा-भज्यांची टपरी, घरातलीच एखादी खोली मुक्कामाला देणं, मंडप आणि स्वयंपाकाचं काम, पंक्चर काढणं, वाट दाखवणं. अशा माणसांनी समोरासमोर भेटून काय मिळवायचं?

पहिली गोष्ट म्हणजे दर. वस्तूवर किंमत छापलेली असते, सेवेवर नसते. घाट चढायचं भाडं किती, गाडी रात्री थांबवली तर वेगळे किती, दोन वेळचं जेवण धरून खोलीचे किती, हे सगळं जो तो आपापल्या अंदाजाने ठरवतो. बाहेरगावचा बुकिंगवाला या अंदाजावरच कमावतो. प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवतो, ‘दुसरा याहून कमीत करतोय.’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे जण असतात, पण खरा दर तिथे कुणी लिहीत नाही. तो चहा पिता पिता, शेजारी बसलेल्याला, हळू आवाजात सांगितला जातो.

या ठिकाणी मला व्यापाराबद्दलची एक हदीस आठवते. काफिला बाजारात पोहोचण्याआधीच गावाबाहेर जाऊन त्याला गाठायचं आणि माल घ्यायचा, याला पैगंबर साहेबांनी मनाई केली होती. असा सौदा झालाच तर विकणाऱ्याला बाजारात आल्यावर तो मोडायचा हक्क दिला होता. ज्याला भाव माहीत नाही त्याच्याशी केलेला सौदा बरोबरीचा नसतो, एवढं साधं तत्त्व. चार समव्यवसायिकांत बसणं म्हणजे बाजारात पोहोचणं. जो कधीच तिथे पोहोचत नाही, त्याला वाटेतच गाठलं जातं.

दुसरी गोष्ट भरवशाची. सीझनमध्ये एखाद्याकडे एकदम पाच गाड्यांचं काम येतं. ऐन मुक्कामात आचारी आजारी पडतो. अशा वेळी आपलं गिऱ्हाईक ज्याच्या हवाली करायचं, तो ते परस्पर पळवणार नाही, दारू पिऊन गाडी चालवणार नाही, याची खात्री फोन नंबरावरून होत नाही. त्यासाठी त्या माणसासोबत एकदा तरी जेवलेलं असावं लागतं.

याच शहादा तालुक्यात त्याचा जुना नमुना आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. लांबलांबच्या राज्यांतून आलेले व्यापारी तिथे दिवसेंदिवस मुक्काम करतात. घोड्याची चाल पाहिली जाते, दात पाहून वय ओळखलं जातं, आणि हे चालू असताना माणसांचीही पारख होते. भरपूर वेळ आणि मोकळी जागा, हीच या बाजाराची खरी ताकद. त्याला कुणी ‘कॉन्फरन्स’ म्हणत नाही.

आपल्याकडचे बहुतेक मेळावे याच्या उलट असतात. अकराचा कार्यक्रम एकला सुरू होतो. सत्कार, शाल-श्रीफळ, डिजिटल मार्केटिंगवर भाषण, मग जेवण, की निघाले. मुंबईत ओटीएमसारखं पर्यटन व्यापाराचं प्रदर्शन भरतं, पण तो मोठ्या हॉटेलांचा आणि पर्यटन खात्यांचा खेळ. चार खोल्यांच्या मालकाला तिथे जाण्यापेक्षा घाटाखालचा भरवशाचा गाडीवाला ओळखीचा होणं जास्त कामाचं.

उद्या तोरणमाळला असा मेळावा भरवायचा ठरला, तर माझं म्हणणं इतकंच. तो यात्रेच्या किंवा सीझनच्या दिवसांत नको. अर्धा दिवस कार्यक्रमपत्रिकेत रिकामा ठेवा. आदिवासी पोरांना उद्घाटनाला नाचायला बोलावून मागे उभं करू नका. डोंगर त्यांचा, वाटा त्यांना ठाऊक, तेही धंदेवालेच आहेत. त्यांना दर ठरवायच्या चर्चेत बसवा आणि पावरी, भिलोरी बोलीत बोलू द्या. मुक्कामाची खोली आणि जेवण ज्या बाईच्या हातावर चालतं, तिलाही बोलवा. नवऱ्याला परस्पर बोलावून भागत नाही.

आणि थोडं आपल्या लोकांना. ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, आचारी अशी हुनरमंद माणसं आपल्या मोहल्ल्यांत भरपूर आहेत. पण मेळाव्याचं नाव काढलं की ‘ते आपल्यासाठी नसतं’ म्हणून घरी बसतात. कधी बोलावणंच येत नाही, हेही खरं. आयोजकांनी बोलवायला हवं. आणि बोलावणं आलं तर एक दिवसाची रोजी बुडवून जायला हवं. कारण ठेका कुणाला मिळाला, कुणाच्या गाड्या लागल्या, हे ज्या गप्पांत ठरतं, त्या आपल्या गैरहजेरीतही होतच असतात.