एकपात्रीतली पाच माणसं

परवा नातीच्या कार्यक्रमाला जाऊन आलो. म्हणजे कार्यक्रम तिचा नव्हे, हे तीच दहा वेळा बजावते. एका अभिनेत्रीचा दीड तासाचा एकपात्री प्रयोग आहे आणि त्यात आमची नात पेटी वाजवते. जोडीला एक मुलगा आहे, तो तबला, ढोलकी आणि प्रसंगी तेलाचा रिकामा डबासुद्धा वाजवतो. शनिवार-रविवार आला की ही मंडळी गाडीत सामान कोंबून गावोगाव निघतात. आमच्या तालुक्याच्या गावी प्रयोग लागला म्हटल्यावर घरातले झाडून सगळे गेलो, अगदी गुडघेदुखीवालेसुद्धा (म्हणजे मी).

नाट्यगृहाच्या दारात भला मोठा फलक. अभिनेत्रीचा फोटो, तिचं नाव, नाटकाचं नाव, तिकिटाचे दर, आणि खाली प्रायोजक सराफांचं नाव त्यांच्या दोन्ही चिरंजीवांसकट. आम्ही चष्मे पुसून नातीचं नाव शोधू लागलो. धाकट्या जाऊबाईंनी तर फलकाला नाक लावलं. नाव नव्हतंच. कोपऱ्यात एवढंच होतं : 'सोबत लाइव्ह म्युझिक'. म्हणजे संगीत होतं, पण ते वाजवणारं कुणी नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, आजीचा जीव आहे, दुखावणारच. आहेच तो. पण हे दुखणं नातीच्या जन्माआधीपासूनचं आहे, म्हणून लिहायला बसले.

प्रयोग छान झाला. अभिनेत्री गुणी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण घरी आल्यावर नातीने एक गंमत सांगितली. मध्यावर एका ठिकाणी नायिका म्हातारी होऊन माहेरच्या अंगणाकडे बघत उभी राहते आणि पेटीवर एक छोटी सुरावट दोनदा वाजते. परवा ती चार वेळा वाजली, कारण बाईंना पुढचं वाक्यच आठवत नव्हतं. नातीने त्यांच्या पाठीकडे बघून ओळखलं आणि सूर सोडला नाही. तबल्यावाल्याने हळूच एक ठेका धरला. चौथ्या वेळी वाक्य आलं. आम्ही खाली बसून डोळे पुसत होतो, काय सुंदर थांबली म्हणून! टाळ्या कुणाला मिळाल्या ते सांगायला नकोच.

आपल्याकडे हे सांभाळून घेणं जुनं आहे. लहानपणी आमच्या देवळात कीर्तनाला बुवा संध्याकाळच्या एसटीने यायचे, पेटीवाला आणि तबलजी मात्र गावातलेच. तालीम वगैरे काही नाही. "बुवा, पट्टी?" "काळी दोन." एवढ्यावर तीन तासांचं कीर्तन उभं राहायचं. पूर्वरंगातल्या निरूपणातून बुवा एकदम पदात शिरले की पेटी तिथे आधीच पोचलेली असे. उत्तररंगात साकी येणार, दिंडी येणार की कटाव, हे आख्यानाच्या वळणावरून ओळखायचं. शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' म्हणतात ना, ते काढून टाका आणि मग पोवाडा ऐकून बघा. शाहिराला दम घ्यायलासुद्धा जागा उरणार नाही.

छत्तीसगडच्या पंडवानीत तर या माणसाला स्वतंत्र नावच आहे, रागी. १९८८ साली दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागत असे, त्यात तीजनबाईंना पाहिल्याचं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. हातातला तंबोराच कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य. एकटी बाई उभं महाभारत सांगते असं आपण म्हणतो. पण मागे पेटी-तबला घेऊन साथीदार बसलेले असत आणि रागी हुंकार देई, मध्येच प्रश्न विचारी, आश्चर्य करी. तो आपल्या सगळ्यांच्या वतीने ऐकत असतो. ऐकणाराच नसेल तर गोष्ट सांगायची कुणाला? पुढे २०१९ मध्ये तीजनबाईंना पद्मविभूषण मिळालं, फार आनंद झाला. रागीचं नाव मात्र मलाही सांगता यायचं नाही, हे कबूल करते.

एकपात्री हा शब्दच मला (मराठीच्या बाईला) खटकतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून अधिक पात्रं करायचे आणि आपण त्याला एकपात्री म्हणायचो! म्हणजे शब्दात पात्रं मोजलेली नाहीत, रंगमंचावरची माणसं मोजली आहेत. आणि पेटी-तबल्याची दोन माणसं तिथेच, उजेडात बसलेली असताना तीही चुकीची मोजली आहेत. पु.लं.ची 'बटाट्याची चाळ' १९६१ मध्ये रंगमंचावर आली. तिथे तर खरोखरच एकटे पु.ल. पण त्यांच्या प्रयोगांमागे सुनीताबाईंची शिस्त आणि व्यवस्था किती होती, ते आज बहुतेकांना ठाऊक आहे.

फिरत्या प्रयोगात तर हा मागचा भाग दुप्पट. नातीच्या चमूत अभिनेत्री, ही दोघं वाजवणारी, प्रकाशयोजना बघणारा एक आणि नाटक लिहून बसवणारी एक, अशी पाच माणसं. दर गावी सभागृह वेगळं, दिवे वेगळे, ध्वनियंत्रणा कधी नीट तर कधी नुसती घरघरणारी. तीन तास आधी पोचून सगळं पुन्हा जुळवायचं, मग बटाटेवडा खाऊन प्रयोग, मग वायरी गुंडाळून परतीचा रस्ता. आमचे हे म्हणाले, "अगं, लोक एकीला बघायला येतात, फलकावर सगळ्यांना जागा कुठून आणणार?" सराफांच्या दोन्ही चिरंजीवांना बरी जागा मिळाली!

पण मी तरी काय वेगळं केलं? १९८६ साली शाळेच्या स्नेहसंमेलनात एका कलावंतांचा असाच एकपात्री कार्यक्रम ठेवला होता. आभारप्रदर्शन माझ्याकडे. अध्यक्ष, मुख्याध्यापक, मंडपवाले, खुर्च्या देणारे, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, सगळ्यांचे आभार मानले. निघताना त्यांचे पेटीवाले खांद्यावर पेटी घेऊन माझ्याजवळ थांबले आणि हसून म्हणाले, "बाई, खुर्चीवाल्यांचंसुद्धा नाव घेतलंत, बरं वाटलं." मला वाटलं, कौतुक केलं. अर्थ कळायला घर यावं लागलं. दुसऱ्या दिवशी पत्र लिहावं असं मनात आलं, पण कुणाला लिहिणार? मी त्यांचं नावच विचारलं नव्हतं.

असो. परवा प्रयोग संपल्यावर आयोजकांपैकी एक जण वाकून पाया पडला. माझा जुना विद्यार्थी निघाला. "बाई, कसा वाटला कार्यक्रम?" म्हटलं, "उत्तम. तुझ्याजवळ जाड पेन आहे का?" होतं. फलकाच्या कोपऱ्यातल्या त्या 'लाइव्ह म्युझिक'खाली नातीचं नाव लिहिलं, तबलजीचं लिहिलं, लेखिकेचं लिहिलं. तो म्हणाला, "बाई, अजून वह्या तपासताय." प्रकाशयोजनेच्या मुलाचं नाव काही मला येईना. मग गुडघे सावरत पुन्हा आत गेले. तो स्टूलावर चढून दिवा उतरवत होता. खाली न बघताच त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं. "आडनावासकट सांग रे," म्हटलं, तेव्हा दिवा हातात घेऊन तो खाली उतरला.