नल म्हणजे शून्य नव्हे!

शुक्रवारची हुतात्मा पकडून या वीकांताला सोलापूरला आलोय. भवानी पेठेतलं आमचं घर, गल्लीत मागांचा खटखटाट, आणि कट्ट्यावर बसून बाबा बिनसाखरेचा चहा पितायत. तोंड वाकडं करून. आजचा लेख त्या चहाबद्दल आहे. आणि माझ्या एका चुकीबद्दल.

गेल्या दिवाळीत मी हौसेने बाबांचा मधुमेहाचा स्कोअर काढला होता. 'इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर' नावाचं एक सोपं प्रकरण आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ साली ते प्रसिद्ध केलं. रक्त काढायचं नाही, चारच प्रश्न : वय, कंबरेचा घेर, हालचाल आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का. १०० पैकी ६० किंवा जास्त आले तर धोका मोठा, ३० ते ५० आले तर मध्यम.

हे आकडे येतात कुठून? मल्टिपल रिग्रेशनमधून. वय वाढतं तसं पोटही वाढतं आणि हालचाल कमी होते. मग नक्की दोष कुणाचा? रिग्रेशन म्हणतं, बाकी सगळं सारखं धरलं तर एकट्या वयाचा वाटा किती, एकट्या कंबरेचा किती, ते बघू. उत्तर 'मधुमेह आहे की नाही' असं दोनच पर्यायांचं असल्यामुळे सरळ रेषा चालत नाही (ती शून्याच्या खाली नाहीतर एकच्या वर जाते), म्हणून लॉजिस्टिक प्रकार वापरतात. मग त्या किचकट सहगुणकांचे १०, २०, ३० असे सुटसुटीत गुण करतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाचा जो अभ्यास चालू आहे, त्यातून निघालेले स्कोअर याच जातीचे.

असो. बाबांचा हिशोब असा : वय पन्नाशीच्या पुढे, ३०. कंबर ८४ सेंटिमीटर, शून्य. व्यायाम नाही पण मागावरचं कष्टाचं काम, २०. आई-वडील? मी विचारलं, ''आजी-आजोबांना साखर होती का?'' बाबा म्हणाले, ''त्यांना कुणी तपासलंय बे?'' मी शून्य टाकलं. एकूण ५०.

''मध्यम. काळजी नको,'' मी म्हणालो.

पावसाळ्यात बाबांच्या पायाला छोटी जखम झाली, ती महिनाभर भरेना. डॉक्टरांनी साखर तपासली, २८६. तेव्हा आई हळूच म्हणाली, ''सासूबाईंच्या पायाचं असंच झालं होतं की. सारखं पाणी प्यायच्या.''

आजीला मधुमेह होताच असं आज कुणी सांगू शकणार नाही. पण 'नव्हता' असंही नाही ना! ते १० गुण धरले असते तर झाले असते ६०, आणि मी बाबांना ओढत लॅबमध्ये नेलं असतं. डेटाबेसमध्ये नलच्या जागी शून्य टाकणाऱ्या ज्युनियरला मी ऑफिसात झापतो. घरी मी तेच केलं.

आता कुणी म्हणेल, मग हे स्कोअर बोगसच. मला तसं वाटत नाही. मूळ अभ्यासातच ६० या रेषेला सेन्सिटिव्हिटी ७२.५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ६०.१ टक्के दिलेली आहे. म्हणजे १०० मधुमेहींपैकी साधारण २७ जण रेषेच्या खाली सुटणार, आणि १०० निरोग्यांपैकी ४० जणांना उगाच तपासणीला जावं लागणार. हे त्यांनी लपवलेलं नाही. आधी कुणाला तपासायचं याची रांग लावण्यासाठी स्कोअर आहे, निकाल द्यायला नाही. 'मध्यम' म्हणजे 'सुटलास' असा अर्थ मी लावला, मॉडेलने नाही.

दुसरी गोष्ट, मॉडेलला फक्त विचारलेलंच कळतं. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो आठवतो? दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! नुसता बीएमआय बघणाऱ्याला दोघे जुळे भाऊच वाटणार. 'हडकुळा माणूस, त्याला कसली साखर' हे आमच्या गल्लीतलं लाडकं मॉडेल तिथेच आपटतं.

माझं म्हणणं एवढंच. अशा प्रत्येक फॉर्मवर आई-वडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही' हा वेगळा पर्याय हवा, आणि तो निवडला की थेट तपासणी. ज्या पेठेत मागच्या पिढीचं रक्त कधी तपासलंच गेलं नाही, तिथे कोरा रकाना ही चांगली बातमी नसते.

आणि तुम्ही? पुण्या-बंगलोरला बसून ऑफिसच्या हेल्थ चेकअपचे रिपोर्ट बघता ना? या वीकांताला घरी फोन करा. आजी कशाने गेली, ते विचारा. स्कोअर नंतर काढा, आधी उपाशीपोटीची साखर तपासून घ्या.

बाबांचा कप अजून अर्धा भरलेलाच आहे. जातो, समजूत काढतो.