जॅक कोठे लावायचा?

पास्कलचा नियम तुम्हांला पाठ असेलच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. परीक्षेतले गणितही ठरलेले असते : लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ इतके, मोठ्याचे इतके, तर मोठा दट्ट्या किती भार उचलील? उत्तर आले की गुण मिळाले. गणित चुकीचे नाही; पण ते जेथे संपते तेथेच खरा प्रश्न सुरू होतो आणि तो आपण वर्गात कधी विचारीत नाही, अशी माझी तक्रार आहे.

घरची मोटारसायकल घ्या. डबल स्टँडवर लावली की मागचे चाक अधांतरी होते, पण पुढचे जमिनीला टेकलेलेच राहते. पुढच्या चाकाचे ब्रेक साफ करायचे तर ते उचलायला हवे. अशा वेळी मोटारीतला बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक आठवतो. त्यावर '२ टन' असे लिहिलेले असते आणि गाडी तर जेमतेम ११० किलोची! मग अडचण कसली?

मीही एकदा असाच विचार केला होता. जॅक इंजिनाखाली मधोमध ठेवला आणि दांडा मारू लागलो. गाडी डौलाने वर आली, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले आणि दुसऱ्याच क्षणी सारी गाडी आडवी झाली. लेग गार्ड वाकला. माझा पाय तेथून वीतभर दूर होता, हे माझे नशीब. त्यात माझ्या विज्ञानाच्या ज्ञानाचा काडीचाही वाटा नव्हता.

जॅक मात्र निर्दोष होता. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले आणि अमेरिकेत रिचर्ड डजनने १८५१ साली हातात उचलून नेता येईल अशा जॅकचे. तत्त्व आजही तेच आहे. समजा, लहान दट्ट्याचा व्यास ८ मिलिमीटर आणि मोठ्याचा २४. क्षेत्रफळे ९ पट झाली. दांड्याच्या तरफेने आणखी १५ पट. म्हणजे १० किलोच्या रेट्याने १३५० किलो उचलता येतील. (घर्षण तूर्त विसरू या.) बळ हवे त्याच्या कितीतरी पट आहे. पण गाडी बळाअभावी पडलीच नव्हती. ती एकाच बिंदूवर उभी राहिली म्हणून पडली.

वस्तू स्थिर राहण्यासाठी तिच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा आधाराच्या बिंदूंमधील जागेत पडावी लागते. तिपाई डुगडुगत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. येथेही तिपाई करता येते : स्टँडचे दोन पाय आणि तिसरा पाय जॅक. मात्र जॅक स्टँडच्या बराच पुढे, इंजिनापुढून खाली येणाऱ्या फ्रेमच्या नळीखाली हवा. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचाखाली नव्हे, ते तडकेल. पुढचे चाक दोन बोटे उचलले की थांबायचे. त्याहून वर नेले तर मागचे चाक टेकेल, स्टँडचे पाय सुटतील आणि तिपाई गेली!

जॅकला थोडे सजवावेही लागते. उभा जॅक गाडीखाली मावत नसेल तर स्टँडखाली एकच रुंद, जाड फळी घालावी. जॅकचे डोके रुपयाहून फार मोठे नसते, म्हणून त्यावर घट्ट बसणारी लाकडी टोपी करावी आणि तिच्यात नळी बसेल अशी खाच पाडावी. गाडी पुढे सरकून स्टँड मिटू नये म्हणून ते फ्रेमला पुढच्या बाजूस दोरीने बांधावे. जॅकच्या अंगाला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा त्याच्या झडपांशी खेळणे वर्ज्य. आणि गाडी उचलली की लगेच जॅकशेजारी लाकडी ठोकळे रचून भार त्यांच्यावर द्यावा, कारण झडपेतून तेल हळूहळू झिरपते आणि जॅक नकळत खाली बसतो. हे सर्व घरातले मोठे माणूस गाडी धरून उभे असतानाच करायचे.

आता गंमत पाहा. डबल स्टँडवरील गाडीचे पुढचे चाक माणसांच्या वजनकाट्यावर ठेवा. काट्याच्या उंचीएवढी फळी स्टँडखालीही घाला. समजा, काटा १५ किलो दाखवतो. स्टँडपासून चाकाचा आस ७५ सेंटिमीटरवर आणि जॅकची जागा ४० सेंटिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने जॅकवर १५ × ७५ ÷ ४०, म्हणजे २८ किलोच भार येतो. आता चाक काढले. चाक ९ किलोचे असेल तर पुढे उरले ६ आणि जॅकवर फक्त ११ किलो! २ टनांचा जॅक ११ किलो पेलीत उभा आहे. पण मागच्या सीटवर कोणी सहज हात टेकून वाकले तरी गाडी मागे कलंडेल. म्हणजे चाक काढल्यावर, काम निम्मे झाले असे वाटते त्याच वेळी, गाडी अधिक बेभरवशाची झालेली असते. म्हणून मागच्या चाकाखालीही ठोकळा सरकवून ठेवावा.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या चाचणीत क्षेत्रफळांचे ते गणित जरूर घाला, पण त्याखाली मोटारसायकलची आकृती काढून एवढेच विचारा : जॅक कोठे लावाल, आणि चाक काढल्यावर काय होईल? मुलांना उत्तर देण्यापूर्वी शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीची मापे घेऊ द्या. एक वजनकाटा आणि शिंप्याची टेप एवढे सामान पुरेल. जॅकची गरजच नाही.