पाटी राखली, सहीचे काय?

वास्तुविशारद कायदा १९७२ साली झाला. तेव्हापासून आमच्या पेशात एक गाऱ्हाणे चालत आले आहे. कायदा लंगडा आहे, कारण तो 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतो, काम राखत नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने दारावर 'आर्किटेक्ट' अशी पाटी लावली तर तो गुन्हा. त्याच माणसाने पाटी न लावता गावभर इमारतींचे नकाशे काढले तर या कायद्याने गुन्हा होत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. नोएडा प्राधिकरणातील पदोन्नतीवरून झालेल्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की कलम ३७ ची मनाई उपाधी वापरण्यापुरती आहे, वास्तुकलेचे काम करण्याला नाही. नोंदणी नसलेल्याला 'असोसिएट आर्किटेक्ट' नावाचे पद देता येणार नाही. काम करण्यापासून मात्र कायदा त्याला अडवत नाही.

या निकालानंतर 'काम राखून द्या' ही मागणी पुन्हा जोरात पुढे आली. मी याच पेशातला असूनही या मागणीशी सहमत नाही. कायदा अपुरा आहे हे मला मान्य आहे. पण तो आपल्याला पुरेशी मक्तेदारी देत नाही म्हणून अपुरा नाही. ज्याने आपल्याला कधी नेमले नाही, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, पण जो आपल्या सहीच्या भरवशावर त्या छपराखाली झोपतो, त्याच्यासाठी या कायद्यात जागाच नाही. ही खरी उणीव आहे, आणि ती भरून काढायची तर आधी चार प्रचलित समजांचा समाचार घ्यायला हवा.

पहिला समज काम राखण्याचाच. वैद्यकीय पदवी नसलेल्याला रुग्ण तपासता येत नाही, सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही, मग इमारतीच्या बाबतीत सगळे रान मोकळे का, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण संसदेने हे रान नजरचुकीने मोकळे सोडले नव्हते. डिसेंबर १९६८ मध्ये राज्यसभेत विधेयक आले, ते संयुक्त समितीपुढे गेले, आणि अभियंत्यांचे व इतरांचे चालू काम बंद पडू नये म्हणून संरक्षण उपाधीपुरतेच ठेवण्यात आले. या देशातली बहुसंख्य घरे आजही गवंडी, सुतार, तालुक्याच्या गावचा सिव्हिल इंजिनीअर आणि घरमालक मिळून बांधतात. काम राखीव केले, तर त्यांच्या घराला सुरक्षितता मिळणार नाही, फक्त बेकायदेशीरपणाचा शिक्का मिळेल.

शहरांत तर हा प्रश्नच वेगळा आहे. महानगरपालिकेत आराखडा दाखल होतो तो नोंदणीकृत आर्किटेक्टच्या किंवा परवानाधारक अभियंत्याच्या, सर्व्हेअरच्या सहीनेच. म्हणजे जिथे मोठ्या इमारती उठतात तिथे दारावर पहारा आधीपासून आहे. तरीही इमारती पडतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती. पोलिसांनी गुन्हा नोंदवला त्यात बिल्डर, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी होते, तसा आर्किटेक्टही होता. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण अशा इमारतीमागे पदवीधर, परवानाधारक माणसांची अख्खी उतरंड उभी असते, हे त्या यादीने दाखवून दिले. नोंदणी असलेल्यांनी आपले काम नीट केले की नाही, हे विचारणारी यंत्रणा नसेल, तर नोंदणी नसलेल्यांना बाहेर ठेवून काय साधणार?

दुसरा समज याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तो मांडणारे म्हणतात, पेशाची आचारसंहिता म्हणजे धंदेबांधवांची आपसातली युती. ती मोडा आणि बाजाराला निवाडा करू द्या. या म्हणण्यातला खरा भाग मी आधी मान्य करतो. १९८९ च्या व्यावसायिक आचरण नियमांत आर्किटेक्टने वास्तुकला परिषदेचा, म्हणजे या कायद्याखालच्या नोंदणी संस्थेचा, शुल्कदर पाळावा, कमी शुल्कात किंवा फुकट आराखडा देऊन दुसऱ्याशी स्पर्धा करू नये, जाहिरात करू नये, अशी कलमे आहेत. अमेरिकेत तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेला १९७२ साली न्यायालयीन हुकमानुसार शुल्कातल्या स्पर्धेवरची बंदी सोडावी लागली. ब्रिटनमध्ये सक्तीचा शुल्कदर १९८२ साली गेला. त्याने दोन्ही देशांतली वास्तुकला बुडाली नाही. दरपत्रकाला नीतिमत्तेचे वस्त्र चढवण्याची गरज आपल्यालाही नाही.

पण त्याच नियमांचे पहिले कलम सांगते की आर्किटेक्टचे काम पर्यावरणाच्या गुणवत्तेशी आणि समाजाच्या भावी कल्याणाशी विसंगत असता कामा नये. पुढे काम मिळवण्यासाठी दलाली, सवलत, भेट देऊ-घेऊ नये आणि बांधकामाचा करार राबवताना निःपक्ष राहावे, असेही म्हटले आहे. ही कलमे बाजारावर सोडता येत नाहीत, कारण घरबांधणीच्या बाजारात आर्किटेक्टला पैसे देणारा एक आणि घरात राहणारा दुसरा. फ्लॅट घेणारा आर्किटेक्ट निवडत नाही. त्याला तो माहितीपत्रकावरच्या नावापुरता भेटतो. निवडच ज्याच्या हाती नाही, त्याला निवडीने शिक्षा कशी करता येईल?

मुंबई-पुण्यातला पुनर्विकास पाहिला की हे आणखी स्पष्ट होते. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने २००९ साली निर्देश काढले, २०१९ साली ते सुधारले. सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमावा आणि त्याने बिल्डरांच्या निविदा तपासाव्यात, अशी त्यातली रचना आहे. इथे सल्लागार सभासदांचे डोळे आणि कान असतो. चटईक्षेत्राचे गणित, टीडीआर, फंजिबल, कॉर्पस यांतले सामान्य सभासदाला फारसे कळत नाही, म्हणून तर त्याला नेमायचे. या माणसाने पडद्याआड बिल्डरकडून टक्का घेतला, तर बाजार काय करणार? सभासदांना कळेपर्यंत जुनी इमारत पाडून झालेली असते. दलालीबंदीचे कलम ही पेशाची अंतर्गत बाब मुळीच नाही. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यावर अवलंबून असते.

तिसरा समज आमचा सगळ्यात लाडका आहे. 'आम्ही आराखडा काढतो. लोखंड-काँक्रीट स्ट्रक्चरल इंजिनीअर बघतो, साइट बिल्डर बघतो, परवानगी पालिका देते. आमच्या गळ्यात कशाला?' कामाची ही वाटणी खरी आहे. काँक्रीटच्या चुकीसाठी आराखडा काढणाऱ्याला फासावर द्या, असे कोणी म्हणत नाही. पण आर्किटेक्ट आज आराखडा काढून मोकळा होत नाही, तो प्रमाणपत्रे देतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवायला लावली. ती काढायची तर अभियंता, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल या तिघांनी प्रमाणित करावे लागते. महाराष्ट्रात आर्किटेक्टचा दाखला 'फॉर्म १' मध्ये असतो. कोणते काम किती टक्के झाले ते त्यात भरायचे असते. त्या आकड्यावर सही झाली की लोकांचे पैसे बिल्डरच्या हाती जातात. इमारत पुरी झाल्याचे 'फॉर्म ४' वर तोच सांगतो.

आता याची दुसरी बाजू पाहा. खोटी माहिती देणाऱ्या बिल्डरला रेरा प्रकल्पखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड करू शकते. खोट्या टक्केवारीवर सही करणाऱ्या आर्किटेक्टला मात्र त्या कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. त्याचा हिशेब आपल्या परिषदेने घ्यायचा, आणि परिषदेची ताकद काय? वास्तुविशारद कायद्याच्या कलम ३० नुसार तक्रार आल्यावर, आरोप सिद्ध झाल्यास तो माणूस व्यवसाय करायलाच अपात्र ठरेल इतके गंभीर गैरवर्तन दिसले, तरच परिषदेने चौकशीत उतरायचे. त्याखालचे सगळे चाळणीतून गळते. १९७२ चा मूळ कायदा बेकायदा उपाधी लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी ५०० रुपयांपर्यंत दंड सांगतो. कायद्याचे लक्ष कुठे होते ते यावरून कळते. पाटी चोरणारा त्याला दिसत होता. सही विकणारा दिसत नव्हता. आणि सही विकली जाते, हे आपण सगळे जाणतो. कित्येक मोठ्या प्रकल्पांत डिझाइनचा आर्किटेक्ट वेगळा असतो आणि पालिकेत फाइल फिरवणारा, सही करणारा 'लायझनिंग'वाला वेगळा. घर कसे असावे हे ठरवणारा सहीपासून लांब, आणि सही करणाऱ्याचा घराशी संबंध नाही.

'आमचे काम नव्हे' या उत्तराची किंमत लंडनने मोजली आहे. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण गेले. नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या आच्छादनाने आग इमारतभर नेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालात प्रत्येक घटकाने जबाबदारी पुढच्यावर ढकलल्याचे चित्र उभे राहिले, आणि नूतनीकरणाच्या आर्किटेक्ट संस्थेवरही ठपका आला. ते आच्छादन धोक्याचे आहे हे तिने ओळखले नाही, मालकाला सावध केले नाही. ब्रिटनमध्येही १९३० च्या दशकापासून संरक्षण आहे ते उपाधीलाच. पण दुर्घटनेनंतर त्यांनी मक्तेदारीचा रस्ता धरला नाही. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने नोंदणी मंडळाला आर्किटेक्टची क्षमता कारकीर्दभर तपासण्याचा अधिकार दिला, आणि डिझाइनची मुख्य जबाबदारी घेणाऱ्याचे एक ठरावीक पद निर्माण केले. ते पद आर्किटेक्टने घेतले काय किंवा दुसऱ्या कोणी, कर्तव्य तेच. कायदा उपाधीकडून कर्तव्याकडे सरकला. आपणही तिकडेच जायला हवे.

चौथा समज प्रामाणिक माणसांचा आहे, म्हणून तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. नवे कार्यालय थाटलेला तरुण आर्किटेक्ट म्हणतो, 'नियम कडक केलेत तर मोठे सुटतील आणि मी भरडला जाईन. मी खोट्या टक्केवारीवर सही नाकारली, तर बिल्डर संध्याकाळपर्यंत दुसरा सहीवाला आणतो.' हे शंभर टक्के खरे आहे. पण ही स्थिती कडक नियमांमुळे आलेली नाही, त्यांच्या अभावामुळे आलेली आहे. आज नकार देणाऱ्याला नुकसान आहे आणि होकार देणाऱ्याला जोखीम नाही. होकार देणाऱ्याला जोखीम असेल, तर नकार देणारा एकटा पडणार नाही. कडक नियमांची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल, तर ती या तरुणाला आहे.

खंडन इथे संपवतो. मागण्या चार आहेत, आणि चारही व्यवहारात आणता येण्याजोग्या आहेत.

पहिली, प्रत्येक प्रमाणपत्राची जाहीर नोंद. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती पाहता येते, तशी नोंदणी क्रमांक घातला की त्या आर्किटेक्टने कोणत्या प्रकल्पाला, कोणत्या तारखेला, कोणता दाखला दिला हे कुणालाही दिसले पाहिजे. एकाच सहीखाली किती ठिकाणची कामे चालली आहेत हे उघड झाले, की भाड्याची सही आपोआप महाग होईल.

दुसरी, आर्किटेक्ट बदलण्याचे कारण लेखी आणि उघड हवे. १९८९ च्या नियमांनुसार आधीच्या आर्किटेक्टची नेमणूक संपल्याची खात्री झाल्याशिवाय आणि त्याला लेखी कळवल्याशिवाय दुसऱ्याने काम घ्यायचे नाही. आज या नियमाचा उपयोग थकलेले शुल्क वसूल करण्यापुरता होतो. तोच नियम रहिवाशांच्या कामी आणावा. जुन्याने काम का सोडले, सुरक्षिततेबद्दल त्याचा काही आक्षेप होता का, हे पालिकेकडे आणि महारेराकडे नोंदवल्याशिवाय नव्याची सही ग्राह्य धरू नये. म्हणजे नाकारलेली सही वाया जाणार नाही, ती पुढच्या माणसाला इशारा ठरेल.

तिसरी, शिस्तीच्या चौकशीत पेशाबाहेरची माणसे. परिषदेत वास्तुविशारदांचे बहुमत आहे; अभियंत्यांना आणि सर्व्हेअरना कायद्याने काही जागा दिल्या आहेत. घर घेणाऱ्यांना, भाडेकरूंना, ग्राहकांना एकही नाही. लेखापरीक्षकांच्या बाबतीत देशाने हा धडा घेतला आणि २०१८ साली मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणावर देखरेखीसाठी सनदी लेखापालांच्या संस्थेबाहेर स्वतंत्र प्राधिकरण नेमले. आपण तेवढ्यावर येण्याची वाट का पाहावी? चौकशी समितीत बाहेरचे सदस्य असावेत, निकाल कारणांसह प्रसिद्ध व्हावेत, आणि कलम ३० मधला 'अपात्र ठरण्याइतका' हा उंबरठा खाली आणून लहान गैरवर्तनाला लहान शिक्षा असावी.

चौथी, दाखला देणाऱ्या प्रत्येक आर्किटेक्टला व्यावसायिक दायित्वाचा विमा सक्तीचा करावा. चूक प्रामाणिक माणसाचीही होते. त्या चुकीने ज्याचे घर गेले त्याला भरपाई मिळाली पाहिजे, आणि चूक करणाऱ्याचे कार्यालयही एका फटक्यात बुडू नये.

हे सगळे आपल्या पेशाच्या परंपरेला परके नाही. भारतीय वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे मूळ मुंबईतच आहे, १९१७ साली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या संघटनेत. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराचा प्रस्ताव 'मार्ग' नियतकालिकातून मांडला, तेव्हा कुणी मालकाने त्यांना ते काम सांगितले नव्हते. अलीकडचे उदाहरणही आहे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवली, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिल्यावर घर घेणारे रस्त्यावर येण्याची वेळ आली. हे प्रकरण न्यायालयात नेणारा याचिकाकर्ता पेशाने आर्किटेक्ट होता. शहराच्या बाजूने उभे राहणारी माणसे या पेशात कायमच होती. कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता, इतकेच.

म्हणून परिषदेने आणि आपल्या संस्थांनी काम राखून मागण्याचा हट्ट सोडावा आणि स्वतःवर जबाबदारी मागून घ्यावी. कायदा बदलायला संसद लागेल, पण दाखल्यांची जाहीर नोंद आणि आर्किटेक्ट बदलाची लेखी कारणे यांसाठी राज्य शासन, महारेरा आणि महापालिका यांनी मनावर घेतले तरी सुरुवात होईल. ही मागणी लोकांनी आपल्याविरुद्ध करण्याआधी आपणच करायला हवी. माझ्या सहीखाली राहणाऱ्या माणसाला मला जाब विचारता आला पाहिजे. तो हक्क त्याला मिळाला, की 'आर्किटेक्ट' या पाटीला वेगळ्या संरक्षणाची गरज फारशी उरणार नाही.