कर्ज नाकारलं? कारण कागदावर मागा

खरीप तोंडावर आलाय आणि बँकेतून माणूस एकच वाक्य घेऊन परत येतोय, "सिबिल बसत नाही." किसान क्रेडिट कार्ड 1998 साली आलं ते सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून. आता कार्डासाठीच चार हेलपाटे.

माझं मत स्पष्ट आहे. "सिबिल" हे कारण नाही, ते कारण झाकायचं फडकं आहे. त्याच्याखाली काय काय असतं बघा. वारसनोंद झालेली नसते, सातबारा आजोबाच्या नावावर. सामाईक खात्यातला एक भाऊ पुण्यात, त्याची संमती नाही. जुनं कर्ज फिटलं पण बोजा उतरवलेला नाही. गाव दुसऱ्या शाखेकडं दत्तक. यातलं प्रत्येक काम तलाठ्याकडं नाहीतर बँकेत जाऊन दुरुस्त होतं, पण आधी कळायला तर पाहिजे! तोंडी "नाही" म्हटलं की माणूस गप घरी येतो आणि महिना दोन-तीन टक्क्यानं पैसे उचलतो.

सिबिल खरंच खराब असतं, तेही नाकारत नाही. पाहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला, त्यानं हप्ते थकवले, तर ते तुमच्या खात्यावरही दिसतं. मोबाईलचा हप्ता चुकला, तेही. ओटीएस करून कर्ज मिटवलं तर 'सेटल्ड' असा शेरा पडतो; आपण म्हणतो फिटलं, बँक म्हणते पूर्ण फेडलं नाही.

आपल्या सोलापुरात ऊसवाल्याचं दुखणं निराळंच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं. बिल येतं कधी, ते तुम्हाला माहीत आहे. तोवर पीककर्जाची तारीख निघून जाते. शून्य टक्के व्याजाची सवलत गेली, वर थकबाकीदार म्हणून नोंद. उशीर कारखान्याचा आणि गुण कमी शेतकऱ्याचे. हा हिशोब कुठल्या शहाण्यानं लावलाय?

मे 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकर्स समितीच्या बैठकीत सांगितलं, पीककर्जाला सिबिल मागू नका. चांगलं झालं. पण बैठकीतलं बोलणं काउंटरपर्यंत पोचत नाही, हा आपला अनुभव. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम कामाचा आहे. 2003 च्या सूचनेत 2 लाखांपर्यंतचं कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी द्या असं होतं, आणि 2007 मध्ये ते सगळ्या कर्जांना, क्रेडिट कार्डाच्या अर्जालासुद्धा लागू केलं. ही गोष्ट राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकांची. आणि हो, 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. तरी कुणी तारण मागितलंच, तर तेही लिहून द्या म्हणायचं.

सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तसाच एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कचाही. पोराला मोबाईलवर काढायला सांगा, त्यासाठी एजंटाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. चूक दिसली तर तक्रार टाका. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

कृषी सहायक साहेबांना एक विनंती. मेळाव्यात बियाणं-खतावर बोलता तसं दहा मिनिटं यावरही बोला. माती परीक्षणाचा अहवाल वाचायला तुम्हीच शिकवलंत, हाही शिकवा.

बँकेनं लेखी कारण दिलंच नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, माहितीचा नंबर 14448. कर्ज द्याच असं लोकपाल बँकेला सांगत नाही, पण नियम पाळला नाही ही तक्रार करता येते. तिथं अर्ज दिल्याचा पुरावा लागणार, म्हणून पहिल्याच दिवशी अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसकट शिक्का मारून घ्या.