भागाकाराची बाकी आणि पाणबुडीचा माग

१/६
सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी टिपते. प्रतिध्वनीच्या विलंबावरून लक्ष्याचे अंतर कळते, तर बदललेल्या वारंवारतेवरून त्याचा वेग. रडारचेही तत्त्व हेच. तिथे रेडिओलहरी असतात. लक्ष्य वेगवान असले, की या दोन खुणांची गल्लत होऊ लागते.

२/६
समजा, १, २, ३, ४, ५, ६ असे सहा चढते स्वर सोडले. लक्ष्याच्या वेगामुळे प्रत्येक स्वर एक पायरी चढून परतला, तर २, ३, ४, ५, ६, ७ ऐकू येईल. हा मूळचाच क्रम एक ठोका आधी आला, असे यंत्राला वाटते. कारण सहापैकी पाच स्वर जुळतात. लक्ष्य भलत्याच अंतरावर दिसते.

३/६
१९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंते जॉन कोस्टास यांच्यापुढे हाच पेच होता. प्रत्येक स्वर एकदाच यावा आणि क्रम काळात वा वारंवारतेत कसाही सरकवला, तरी मूळ क्रमाशी एकाहून अधिक ठिकाणी जुळू नये, अशी मांडणी त्यांना हवी होती. १२ स्वरांपुढे वाट खुंटली. त्यांनी गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यांना विचारले.

४/६
उत्तर संख्या सिद्धांतात होते. लॉइड वेल्च यांची रीत पाहावी: ३ चे घात क्रमाने घेऊन ७ ने भागावेत. बाकी उरते ३, २, ६, ४, ५, १. ही मांडणी अट तंतोतंत पाळते. मोठ्या मूळ संख्यांसाठीही असा योग्य पाया असतोच, हे गाउस यांच्या १८०१ च्या ग्रंथात सिद्ध झालेले होते.

५/६
मात्र ही जादू नव्हे. फिलिप वुडवर्ड यांनी १९५३ मध्येच दाखवले होते, की संकेत कसाही रचला तरी संदिग्धतेचे एकूण माप घटत नाही. कोस्टास मांडणी ती विरळ करून पसरवते, एवढेच. पण तेवढ्याने खरे लक्ष्य उठून दिसते.

६/६
संशोधनाला निधी देताना ‘याचा उपयोग काय?’ असे प्रथम विचारले जाते. गाउस यांना पाणबुडीचे नाव सांगता आले नसते. तरीही त्यांचे गणित आपोआप समुद्रात उतरले नाही. आपली वाट खुंटल्याचे मान्य करून दुसऱ्या शास्त्राचे दार ठोठावणारा अभियंता त्यासाठी लागला. संस्थांनी हे दोघेही जपायला हवेत. ३२ व ३३ स्वरांची अशी मांडणी आहे की नाही, हे कोडे अजून सुटलेले नाही. ते सोडवू पाहणाऱ्याला उपयोग विचारण्यापूर्वी ७ ने भागून उरलेली बाकी आठवावी.