आपट्याचे बारा महिने

आपट्याला कॅमेरे घेऊन येणारी मंडळी बहुधा पावसाळ्यातच दिसतात. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधल्या शेवटच्या प्रसंगामुळे इथले स्टेशन साऱ्या देशाला ठाऊक. ओला फलाट, मागे हिरवा डोंगर, झाले काम!

मला विचाराल तर कर्नाळ्याचा सुळका पाहावा एप्रिलात. जुलैत तो ढगात दडून बसतो. उन्हाळ्यात गवत वाळते, पाने झडतात आणि डोंगराची हाडे दिसू लागतात. खाली शेतांत राब भाजल्याचे काळे चौकोन. अशा कोरड्या मुलखातून पाताळगंगा मात्र वाहत असते, कारण खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिला १९१५ पासून मिळते आहे. ही गंमत पावसाळी फोटोत कशी यावी?

आणि डोंगर कायमचे असतात, हा समजही आता सोडावा. याच पनवेल तालुक्यात उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली. २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. विमानतळ नको असे मी म्हणत नाही. पण ती टेकडी वैशाखात कशी दिसायची, हे नातवंडांना कशावरून सांगणार? बँकेत असताना शेकड्यांनी सातबारे पाहिले. त्यांत गट नंबर असतो, आकार असतो; डोंगर नसतो.

गावोगावच्या शाळांनी हे काम घ्यावे. साधा मोबाइल पुरे. एकच जागा, एकच दिशा, महिन्याला एक फोटो. छापून मागे तारीख लिहावी. उभे राहायला झेंड्याचा चौथरा बरा; तो सहसा कुणी हलवत नाही.